दुर्बिणीच्या तपासणीनंतर लेकराचा त्रास

मुलाच्या घशातून दुर्बीण घालून पोटाची तपासणी झाली, की बाहेर बाकावर बसलेले सारे नातेवाईक एकच प्रश्न विचारतात : आत काय निघाले? प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याच वेळी स्ट्रेचरवर पडलेले ते लेकरू घसा धरून रडत असते, त्याचे पोट डमरूसारखे ताणलेले असते, हाताला सुई टोचलेली जागा ठणकत असते, आणि आपण कोठे आहोत हेही त्याला नीट उमगलेले नसते. त्याची विचारपूस करायची कोणाला आठवण होत नाही. "रडेल थोडा वेळ, होईल गप्प," असे म्हणून विषय संपतो. आमच्या मते विषय येथे संपत नाही. खरे तर तो येथूनच सुरू होतो.

कोसाड, अमरोली, सायण या पट्ट्यात राहणाऱ्या आमच्या कुटुंबांपैकी बरीच कुटुंबे नवापूर, नंदुरबार, साक्री या बाजूने आलेली. कोणी ऊसतोडीला, कोणी कापडाच्या गिरणीत, कोणी भाताच्या शेतावर भागीने. मुलाला मोठे दुखणे झाले की तापीचा पूल ओलांडून सुरतेच्या सिव्हिलमध्ये किंवा महापालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात जायचे, एवढे सर्वांना ठाऊक झाले आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण दुर्बिणीचे नाव काढले की आईबापांचा जीव अर्धा होतो, आणि एकदा मुलाचे हाल पाहिले की पुढच्या तारखेला ते जातच नाहीत. हे दुसरे न जाणे, हाच आमच्या काळजीचा मुद्दा आहे.

ज्या मुलांना दुर्बीण लागते, त्यांतील कित्येकांना ती एकदाच लागत नाही. आपल्या भागातील एक उदाहरण घ्या. सुरतेच्या कापडधंद्यात कॉस्टिक सोडा वापरला जातो, संडास धुण्याचे ॲसिड तर घरोघर असते, आणि दोन्ही वस्तू थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायची आपल्याला खोड आहे. तहानलेले दोन-तीन वर्षांचे पोर ती बाटली तोंडाला लावते. जीव वाचला तरी अन्ननलिका आतून भाजते, आणि जखम भरताना आवळत जाते. काही आठवड्यांनी भात उतरेनासा होतो, मग पेज, मग पाणीसुद्धा. अशा नळीला दुर्बिणीच्या मदतीने हळूहळू रुंद करावे लागते. एकदा रुंद केली की ती पुन्हा आवळते, पुन्हा रुंद करावी लागते. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने अशा अनेक फेऱ्या होतात. दुसरे उदाहरण रक्ताच्या उलटीचे. आपल्या देशात मुलांना रक्ताची उलटी होण्याचे एक मोठे कारण म्हणजे यकृताकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी बंद पडणे. त्यामुळे अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटतात. त्या शिरांना दुर्बिणीतून रबराची कडी घालून बांधतात, आणि तेही एका बैठकीत संपत नाही.

आता विचार करा. पहिल्या फेरीत मुलाला उपाशी तडफडविले, खोटे बोलून आत नेले, आणि बाहेर आल्यावर त्याच्या दुखण्याकडे कोणी पाहिले नाही, तर दुसऱ्या फेरीला ते मूल रुग्णालयाचे फाटक दिसताच किंचाळू लागते. बाप म्हणतो, "राहू दे, नको त्याचे हाल." आणि घरी नळी आवळत जाते. म्हणून आम्ही म्हणतो की दुर्बिणीनंतरचा त्रास कमी करणे हे लाड नव्हेत. तो उपचाराचाच भाग होय.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी शेव्हॅलियर जॅक्सन नावाचे डॉक्टर होऊन गेले (१८६५ ते १९५८). मुलांच्या घशात अडकलेल्या टाचण्या, नाणी, शेंगदाणे, बटणे अशा दोन हजारांहून अधिक वस्तू त्यांनी सरळ, ताठ नळ्यांनी काढल्या. त्या वस्तूंचा संग्रह आजही त्या शहरातील संग्रहालयात ठेवलेला आहे. क्षार पिऊन नळी आवळलेल्या मुलांचा त्यांना फार कळवळा. अशा एका मुलीची हकीकत त्यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. कित्येक दिवस तिच्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरला नव्हता. त्यांनी नळीतला अडथळा काढला. मुलीने भीतभीत एक घोट घेतला आणि तो खाली उतरला. मग परिचारिकेच्या हातातला पाण्याचा पेला तिने हळूच बाजूला सारला आणि डॉक्टरांच्या हाताचे चुंबन घेतले. याच डॉक्टरांनी वर्षानुवर्षे खटपट करून क्षाराच्या डब्यावर विषाची खूण छापण्याचा कायदा १९२७ साली तेथे करवून घेतला. आपल्याकडे दुकानातल्या डब्यावर खूण असते. आपण तो माल सरबताच्या बाटलीत ओतून ती खूण पुसून टाकतो, एवढाच काय तो फरक.

मात्र जॅक्सन यांच्या काळी मुलांना चादरीत घट्ट गुंडाळून, भूल न देताच हे काम चाले. ताठ नळीची जागा वाकणाऱ्या दुर्बिणीने घेतली ती १९५७ नंतर, बेसिल हर्शोविट्झ यांनी काचतंतूंची दुर्बीण प्रथम स्वतःच्या घशात घालून पाहिल्यावर. आज तान्ह्या बाळासाठी पाच-सहा मिलिमीटर जाडीची, म्हणजे पेन्सिलीहूनही बारीक दुर्बीण मिळते, आणि भूल देणारा तज्ज्ञ उशाशी असतो. साधने सुधारली. नंतरच्या चोवीस तासांची काळजी मात्र साधनांनी होत नाही, ती माणसांनीच करावी लागते.

त्रास नेमका कशाने होतो, हे समजून घेतले तर निम्मी भीती जाते. घसा दुखतो तो दुर्बीण घासल्यामुळे, आणि भूल देताना श्वासाची नळी घातली असेल तर तिच्यामुळेही. हे दुखणे एक-दोन दिवसांत जाते. पोट फुगते ते आत हवा भरल्यामुळे. रिकामे जठर मिटलेल्या पिशवीसारखे असते. ते उघडल्याशिवाय आतली बाजू दिसत नाही, म्हणून हवा सोडतात. तपासणी संपताना डॉक्टर ती ओढून घेतात, पण सारी निघत नाही. बैलाला पोटफुगी झाली की तो कसा अस्वस्थ होतो, उठतो-बसतो, श्वास वर लागतो, हे शेतकऱ्याला सांगावयास नको. मुलाचे दुखणे तितके भयंकर नसते, पण जात तीच. साध्या हवेत मुख्य भाग नायट्रोजनचा, आणि तो आतड्यातून फार हळू शोषला जातो. म्हणून अलीकडे पुष्कळ ठिकाणी हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू वापरतात. तो लवकर रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे निघून जातो. मोठ्या आतड्याच्या तपासणीनंतर याचा फायदा चांगला दिसून आला आहे. मुलांवर झालेल्या अभ्यासांतही काहींत पोट कमी फुगल्याचे व कमी दुखल्याचे आढळले, काहींत फारसा फरक पडला नाही. तेव्हा ही सोय आपल्या रुग्णालयात आहे का, असे विचारावे जरूर. नसेल तर तेवढ्यावरून तपासणी टाळू नये.

मुलाचा सर्वांत मोठा त्रास आमच्या पाहण्यात उपासाचा असतो, आणि तो बहुधा आपणच वाढवितो. "उद्या उपाशीपोटी आणा" असे सांगितले की आजी रात्री आठ वाजल्यापासून घोटभर पाणीही देत नाही, आणि नंबर लागतो दुपारी बाराला. भूल देताना पोटात अन्न असेल तर ते उलटून फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो, म्हणून उपास अगदी आवश्यक आहे. पण किती? सर्वसाधारण नियम असा की जेवण आणि वरचे दूध सहा तास आधी बंद, तळलेले-तुपकट जेवण आठ तास आधी, आईचे दूध चार तास आधी, आणि साधे पाणी किंवा साखरपाणी दोन तास आधीपर्यंत चालते. युरोपातील भूलतज्ज्ञांनी तर २०२२ साली मुलांना पाणी एक तास आधीपर्यंत देण्यास संमती दिली. नळी आवळलेल्या मुलाला किंवा घशात काही अडकलेल्याला हा नियम लागू पडेलच असे नाही, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळच पाळावी. पण वेळ विचारून, लिहून घ्यावी. "पाणी किती वाजेपर्यंत द्यायचे?" हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. तहानेने सुकलेल्या मुलाची शीर सापडत नाही, सुई तीनतीनदा टोचावी लागते, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला मळमळही अधिक होते.

मुलाला आधी काय सांगावे? खरे ते सांगावे. "नुसता फोटो काढायचाय" म्हणून आत नेलेले मूल पुन्हा आपल्या शब्दावर विश्वास ठेवीत नाही, आणि ठेवू नये. चार-पाच वर्षांच्या मुलाला एवढे सांगितले तरी पुरे : डॉक्टर तुला झोप आणतील, झोपेत बारीक दिव्याने पोट बघतील, उठल्यावर घसा दुखेल, पोट फुगल्यासारखे वाटेल, आणि दोन दिवसांत सारे जाईल. घरातली मळकी गोधडी किंवा चिंध्यांची बाहुली बरोबर असू द्यावी. सहा-सात वर्षांच्या मुलाचा दात हलत असेल तर तो भूल देणाऱ्यास आधी दाखवावा, कारण तो निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. सुई टोचण्याआधी तासभर कातडी बधिर करणारे मलम लावता येते. ते मिळत असल्यास मागावे.

आता तपासणीनंतरचा पहिला अर्धा तास. लहान मुले, विशेषतः दोन ते पाच वर्षांची, भुलीतून उठताना काही वेळा एकाएकी किंचाळतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत, डोळे उघडे असून पाहत नाहीत. पाहणाऱ्याच्या काळजाचे पाणी होते. कोणी म्हणते नजर लागली, कोणी अंगारा काढतो. ही भुलीची ओसरती लाट आहे. बहुधा पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात ती आपोआप जाते. तेवढ्यात मुलाला पडू न देणे, सलाईनची सुई उपटू न देणे, आणि ओळखीच्या आवाजात हळू बोलत राहणे, एवढेच करायचे असते.

आणि येथेच रुग्णालयांविषयी आमचे एक मागणे आहे. मूल शुद्धीवर येताना आई किंवा बाप त्याच्या उशाशी असावा. पुष्कळ ठिकाणी पालकांना दाराबाहेर ठेवतात आणि रडण्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. शिस्त म्हणून, जंतुसंसर्ग नको म्हणून, गर्दी होते म्हणून. गर्दी होते हे खरेच. एका मुलामागे नऊ माणसे आत घुसू लागली तर परिचारिकेने काय करावे? तेव्हा आपणही एकाच माणसाने आत जायचे ठरवावे. पण तो एक हवाच. इंग्लंडातही एके काळी रुग्णालयात मुलांच्या आईला आठवड्यातून ठरावीक वेळीच भेटू देत. जेम्स रॉबर्टसन या गृहस्थांनी १९५२ साली दोन वर्षांच्या एका मुलीचा रुग्णालयातला मुक्काम चित्रफितीत टिपला आणि आईविना ते मूल कसे कोमेजते ते डॉक्टरांना दाखविले. पुष्कळांना ते आवडले नाही. परंतु १९५९ साली तेथील सरकारी समितीने पालकांना मुलांजवळ राहू द्यावे अशी शिफारस केली. या सुधारणेला ना यंत्र लागते ना औषध. एक स्टूल लागते.

घरी नेतानाची गोष्ट. कोसाडहून सुरतेला आपण मोटारसायकलवर जातो. मूल पुढे टाकीवर बसवितो. भुलीच्या गुंगीतल्या मुलाला असे कदापि आणू नये. झोपेत त्याची मान पुढे पडते आणि श्वासाची वाट मिटते. चालविणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर असते. रिक्षा करावी, आणि ज्याला दुसरे काहीच काम नाही असे एक मोठे माणूस मुलाच्या तोंडाकडे बघत बसावे. घरी कुशीवर झोपवावे. पहिले काही तास मधून मधून हाक मारून ते जागे होते की नाही ते पाहावे.

खायला काय? डॉक्टरांनी परवानगी दिली की प्रथम पाण्याचे घोट, मग थंड-कोमट पेज, ताक, मऊ वरणभात, केळे. आईस्क्रीम दिले तर आमची हरकत नाही, घशाला ते बरेच वाटते. ठेचा, फरसाण, कडक भाकरी, कढत चहा दोन दिवस बाजूला ठेवावे. नळी रुंद केली असेल किंवा शिरा बांधल्या असतील तर मात्र डॉक्टर सांगतील तेच आणि तितकेच. घशात बधिर करणारा फवारा मारला असेल, तर बधिरपणा जाईपर्यंत काहीही देऊ नये, कारण घास चुकून श्वासात जाईल. असा फवारा किंवा जेल दुकानातून आणून आपल्या हाताने मुलाला लावू नये. तान्ह्या बाळांत त्याने रक्त निळे पडण्यासारखे गंभीर परिणाम होऊ शकतात. मोठ्या मुलाला, ज्याला गुळणी थुंकता येते त्याला, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालतात. फुगलेल्या पोटासाठी औषधापेक्षा हालचाल बरी : डाव्या कुशीवर निजणे, गुडघे पोटाशी घेणे, थोडे अंगणात चालणे. ढेकर आला, वारा सरला, की मूल हसते. त्याला त्याची लाज वाटू देऊ नये. भावंडे खिदळतात, त्यांना दटावावे.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरते. मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते : दर किलोला सुमारे पंधरा मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या मुलाला दीडशे, दोन मात्रांत सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. यकृताचे दुखणे असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारूनच. येथे एक फसगत होते. हे सरबत दोन प्रकारच्या बाटल्यांत मिळते. एकात चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर औषधात, सुमारे सव्वाशे मिलिग्रॅम असते आणि दुसऱ्यात अडीचशे. शेजारणीची बाटली उसनी आणून "तिने एक चमचा दिला होता" म्हणून आपणही एक चमचा देणे म्हणजे कीटकनाशकाची मात्रा शेजारच्या शेतावरून ठरविण्यासारखे झाले. बाटलीवरचा आकडा वाचावा. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. आतला तुकडा तपासायला काढला असेल किंवा शिरा बांधल्या असतील तर दुसरी कोणतीही वेदनाशामक गोळी विचारल्याशिवाय देऊ नये, कारण काहींनी रक्तस्राव वाढतो.

थुंकीत रक्ताची एखादी रेघ दिसली तर घाबरू नये. परंतु छातीत किंवा पोटात वाढत जाणारी कळ, दगडासारखे कडक पोट, मानेवर सूज, दम लागणे, ताप, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शौच, स्वतःची लाळही न गिळता येणे, किंवा हलवूनही न उठणारी झोप, यांतले एकही दिसले तर सकाळची वाट न पाहता त्याच रुग्णालयात परत जावे. नळीला भोक पडणे ही गोष्ट विरळ आहे, पण नळी रुंद केल्यानंतर तिचा धोका इतर वेळेपेक्षा अधिक असतो, आणि तेथे तासांना किंमत असते.

तसेच नाण्याविषयी दोन शब्द, कारण दुर्बीण लागण्याचे हेही एक नेहमीचे कारण. नाणे गिळलेल्या मुलाला डझनभर केळी चारण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अडकलेले नाणे केळ्याने उतरत नाही. पोट मात्र भरते आणि भूल देणे लांबते. खेळण्यातील किंवा रिमोटमधील चकतीसारखा सेल गिळला असेल तर ते नाणे समजून थांबू नये. अडकलेला सेल दोन तासांतच नळी जाळू लागतो. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळू शकत असेल आणि गिळून बारा तास झाले नसतील, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा; मधाने जळणे मंदावते. उपासाच्या नियमाला हा एक अपवाद. मात्र मधासाठी दुकान शोधत बसू नये.

आणखी एक अडचण भाषेची. डॉक्टर गुजराती किंवा हिंदी बोलतात, कागद इंग्रजीत असतो, आणि आमची माणसे अहिराणी, मावची किंवा मराठी बोलणारी. "समजले ना?" असे विचारले की आपण मान हलवितो. मान हलवू नये. "साहेब, पुन्हा सांगा" म्हणण्यात कमीपणा नाही. शेतकी अधिकाऱ्याला बियाण्याविषयी आपण चारदा विचारतो की नाही? घरात शाळेत जाणारी मुलगी असेल तर तिला बरोबर न्यावे आणि तिच्याकडून वहीत लिहून घ्यावे : खायला कधी, औषध किती, काय दिसले तर परत यायचे, रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, पुढची तारीख कोणती.

त्या पुढच्या तारखेविषयी ऊसतोडीच्या कुटुंबांना मुद्दाम सांगतो. हंगाम सुरू झाला की पडाव आज एका गावी, महिन्याने दुसऱ्या गावी; मुकादमाची उचल घेतलेली, आणि कोयत्याच्या जोडीतले एक माणूस गेले की दिवस बुडतो. म्हणून दिवाळीआधी उचल घेतानाच मुकादमाला रुग्णालयाचा कागद दाखवून तारखा सांगून ठेवाव्यात, आणि त्या दिवसांची मजुरी कशी धरायची ते तेव्हाच चार माणसांसमक्ष ठरवून घ्यावे. कागदाची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून झोपडीच्या आढ्याला बांधावी. खाली ठेवली की पाचटाबरोबर जाते.